प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय. हरकती नोंदवण्यापलीकडे गावाला यात खरा सहभाग कसा मिळेल?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या नगरपरिषदेचा सुधारित प्रारूप विकास आराखडा नुकताच प्रसिद्ध झालाय. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, चर्चा माणसांवर घसरायला नको. पश्चिम महाराष्ट्रातलं, नदीकाठचं, लाखाच्या आतल्या वस्तीचं गाव आहे एवढं पुरे. नोटिशीत हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत आहे. नकाशा नगरपरिषदेच्या जिन्याजवळ भिंतीवर लावलाय. संकेतस्थळावरही आहे, पण मोठा करून पाहिला की गट नंबर पुसट होतात.

तीन गोष्टी खटकल्या. एक, नदीकडच्या पटांगणात आमच्या आजोबांच्या काळापासून मंगळवारचा बाजार भरतो. तिथे आता ‘व्यापारी संकुल व वाहनतळ’ असं आरक्षण आहे. दोन, गावठाणातल्या बोळाची रुंदी वाढवून १२ मीटरचा रस्ता दाखवलाय, त्यात राहती घरं जातात. तीन, ऑगस्ट २०१९ च्या पुरात ओढ्याकाठचा जो पट्टा पाण्याखाली होता त्याचा बराचसा भाग हरित पट्ट्यातून काढून रहिवास विभागात टाकलाय.

हरकत मी घेणारच आहे. पण मला त्याहून मोठं काही विचारायचंय. बाजारात बसणाऱ्या बाईला, ओढ्याकाठच्या भाडेकरूला हा नकाशा कुणी समजावून सांगितलेला नाही. शहर पुढची वीस वर्षं कसं वाढणार हे ठरतंय आणि ज्यांचं सगळं त्यावर अवलंबून आहे त्यांना पत्ताच नाही. दुसऱ्या गावांत, शहरांत, परदेशात लोकांना यात कसं घेतात? तुमच्यापैकी कुणी अशा प्रक्रियेतून गेलं असेल तर सविस्तर लिहा, मी इथले मुद्दे छापून गावात वाटणार आहे.

आवकजावक:
नगररचना खात्यातून निवृत्त झालोय. कायदा आधी नीट समजून घ्या, मग पुढचं.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्यातल्या कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो, म्हणजे आज कुठे काय आहे त्याची नोंद. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं. तुम्ही आत्ता इथे आहात. आलेल्या हरकतींची सुनावणी कलम २८ खालची नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना किंवा पर्यावरण यांची जाण असलेल्या, बाहेरून नेमलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्ती. समितीच्या अहवालावर नगरपरिषद निर्णय करते, आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो.

आता हरकत कशी लिहायची ते. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. एका अर्जात एकच मुद्दा. आरक्षण क्रमांक, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाचा भाग क्रमांक. आज त्या जागेवर प्रत्यक्ष काय आहे, आराखड्यात काय दाखवलंय, त्याने नुकसान कुणाचं आणि कसं, आणि तुमची नेमकी मागणी काय: आरक्षण वगळा, बदला, की हलवा? हलवायचं तर कुठे? ही शेवटची ओळ बहुतेकांच्या अर्जात नसते. पर्याय दिलेला अर्ज समितीला सहजासहजी बाजूला टाकता येत नाही. सोबत उतारा, फोटो, नकाशाच्या त्या भागावर खूण करून प्रत. आवक क्रमांकासह पोच घ्या आणि ‘मला समक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य लिहायला विसरू नका.

आणि तुमच्या मोठ्या प्रश्नाबद्दल एवढंच सांगतो. लोकांनी यायची खरी वेळ कलम २५ ची असते. आम्ही सर्वेक्षण करत फिरायचो तेव्हा कुणी विचारायला यायचं नाही. नकाशावर मंगळवारचा बाजार ‘मोकळी जागा’ म्हणून नोंदला गेला असेल, तर पुढे तिथे संकुल दाखवणाऱ्याला ती रिकामीच दिसणार. तुमच्या विद्यमान जमीन वापर नकाशात त्या पटांगणावर काय लिहिलंय ते आधी बघा.

कृष्णाकाठ:
आवकजावक काका, फार आभार. पाहून आलो. तुम्ही म्हणता तसंच आहे, पटांगण ‘रिक्त भूखंड’ म्हणून नोंदलंय. सर्वेक्षण मंगळवारी झालं नसणार.

पेठेतला:
पुण्याचा अनुभव लिहितो. जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा प्रारूप आराखडा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ८७ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. सोसायट्यांत, मंडळांत, देवळांच्या सभामंडपांत नकाशे पसरून लोक बसायचे. टेकड्या, पेठांतले रस्ते, मैदानांवरची आरक्षणं यांवर इतकी चर्चा मी तोवर कधी ऐकली नव्हती. पण पुढे काय झालं ते लक्षात ठेवा. ठरलेल्या वेळेत महापालिकेचं काम पूर्ण झालं नाही, २०१५ मध्ये शासनाने आराखडा ताब्यात घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे निर्णय शेवटी मुंबईत मंत्रालयात झाला. ज्या नगरसेवकाला आम्ही रस्त्यात गाठून जाब विचारू शकत होतो तो त्या टप्प्यावर बाजूला पडला.

त्या गठ्ठ्यात एकाच मजकुराच्या छापील हरकती खूप होत्या. संख्या दिसते, बातमी होते, पण सुनावणीत अशा हरकती एकत्र करून निकाली काढल्या जातात. पन्नास जणांनी सही केलेला एकच छापील कागद असण्यापेक्षा पाच जणांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या घराचा मुद्दा मांडणं जास्त चाललं. आमच्या गल्लीत एका आजींनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की रुग्णवाहिका आज कुठपर्यंत येते आणि रस्ता दाखवलाय तसा झाला तर जिना कुठे जाईल. समितीने त्यावर प्रश्न विचारले.

दुसरं, पुणे महापालिकेत २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक आहे. नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची, प्रभाग समितीने ती पाहायची आणि अंदाजपत्रकात तरतूद व्हायची. पदपथ, बाक, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृह अशी कामं. याचा आवाका छोटा आहे आणि सुचवलेलं काम झालं की नाही याचा मागोवा आपल्यालाच घ्यावा लागतो. तरीही मला ही गोष्ट मोलाची वाटते, कारण अर्ज भरण्याच्या निमित्ताने माणूस पहिल्यांदा कार्यालयाची पायरी चढतो आणि कनिष्ठ अभियंत्याचं तोंड ओळखू लागतो. आराखडा आला की हीच माणसं पुढे येतात.

बिगरशेती:
माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते कुणीतरी मांडायला हवं. माझ्या वडिलांची जमीन जुन्या आराखड्यात बागेसाठी आरक्षित झाली. बाग झाली नाही, मोबदला आला नाही, बांधकाम परवानगी मिळाली नाही. बहिणीच्या लग्नाला ती विकता आली नाही. ‘नागरिकांचा सहभाग’ म्हणून जे सभागृहात बोलतात त्यांना बाग हवी असते, मैदान हवं असतं, पण दुसऱ्याच्या जमिनीवर. हरकत घेणारा जमीनमालक म्हटलं की सगळे बिल्डरकडे पाहावं तसं पाहतात. दोन एकरवाला शेतकरी पण ‘समाज’ आहे की नाही?

आवकजावक:
बिगरशेती, तुमचं म्हणणं रास्त आहे. कायद्यात तुमच्यासाठी कलम १२७ आहे. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना (‘जागा घ्या, नाहीतर सोडा’ अशी नोटीस) देऊ शकतो. सूचनेनंतर २४ महिन्यांत संपादनाची कारवाई सुरू झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. पूर्वी ही मुदत १२ महिने होती. सूचना देताना मालकीची कागदपत्रं जोडली नाहीत म्हणून पुष्कळ नोटिसा निकामी ठरतात, तेवढं सांभाळा. मोबदला रोखीने, टीडीआरने (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयने (आपल्याच उरलेल्या जागेवर जास्तीचं बांधकाम) घेता येतो.

रानजाई:
बिगरशेतीदादा, तुमच्याशी सहमत आहे. म्हणूनच मालक आणि मैदान मागणारे एकाच खोलीत बसायला हवेत, सुनावणीच्या आधी. सुनावणीत प्रत्येक जण समितीकडे तोंड करून बोलतो, एकमेकांशी कुणी बोलत नाही. आमच्या गावी एका शाळेच्या आरक्षणावर असाच वाद होता. दोन्हीकडची माणसं बसली तेव्हा कळलं की शेजारचीच नगरपरिषदेच्या मालकीची जागा वर्षानुवर्षं डांबराची पिंपं ठेवायला वापरतात. आरक्षण तिकडे सरकवावं अशी सूचना दोघांनी मिळून दिली.

आता बायकांबद्दल. कृष्णाकाठ, तुमच्या बाजारात बसणाऱ्या बहुतेक बाया आसपासच्या खेड्यांतून येत असतील. त्या तुमच्या शहराच्या मतदार नाहीत. त्यांना नगरसेवक विचारत नाही, त्यांच्या गावच्या ग्रामसभेत तुमच्या शहराचा आराखडा येत नाही. मग त्यांचं कोण मांडणार? मी बचत गटांचं काम करते. आम्ही एका बाजाराबाबत असं केलं: बाजाराच्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, नकाशाची मोठी प्रत ताडपत्रीवर अंथरली आणि आधी एकच प्रश्न विचारला, ‘तुम्ही बसता ती जागा यात दाखवा.’ पहिली दहा मिनिटं कुणाला काही कळेना. मग एकीने नदीचा घाट ओळखला, त्यावरून देऊळ, त्यावरून एसटी स्टँड. अर्ध्या तासात भाजीच्या, मासळीच्या, मडक्यांच्या, बी-बियाण्याच्या रांगा खडूने काढून झाल्या. कोण कुठून येतं, माल कुठे उतरतो, पिण्याचं पाणी कुठून आणतात, लघवीला कुठे जातात, हे सगळं त्या नकाशावर आलं. शेवटचा प्रश्न पुरुषांच्या कुठल्याही बैठकीत मी ऐकलेला नाही. तिथल्या संकुलाच्या आराखड्यात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं.

आणि कायद्याचा आधार घ्या. फेरीवाला कायदा, २०१४ नुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाले असायला हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. ‘नैसर्गिक बाजार’, म्हणजे विकणारे आणि घेणारे पूर्वापार जमत आलेत अशी जागा, ही संकल्पना त्या कायद्यातच आहे. पन्नास वर्षांहून जुन्या बाजारांना वारसा बाजाराचा दर्जा देण्याची तरतूदही आहे. तुमचा मंगळवारचा बाजार आजोबांच्या काळचा असेल तर जुन्या पावत्या, नगरपरिषदेच्या बाजार-लिलावाचे ठराव, गॅझेटियरमधला उल्लेख शोधा.

कृष्णाकाठ:
रानजाई ताई, हे तर मी विचारातच घेतलं नव्हतं की त्या आमच्या मतदार नाहीत. बाजारकराच्या वसुलीचे जुने ठराव नगरपरिषदेच्या दप्तरात मिळतील, वाचनालयाचे ग्रंथपाल मदत करायला तयार आहेत.

लीड्सकर:
मी इंग्लंडमध्ये राहतो, मूळचा साताऱ्याचा. इथलं थोडं सांगतो, जसंच्या तसं उचलावं असं नाही.

इथे शेजारी कुणाला घर वाढवायचं असेल तरी कौन्सिल (इथली नगरपालिका) शेजाऱ्यांना पत्र पाठवतं किंवा विजेच्या खांबाला नोटीस बांधतं. बहुतेक अर्जांवर मत द्यायला २१ दिवस मिळतात. सगळी कागदपत्रं आणि लोकांची मतं संकेतस्थळावर उघडी असतात, कुणीही वाचावी. मतं मोजत नाहीत, त्यांतली कारणं तपासतात. ‘माझ्या खिडकीतला देखावा जाईल’ किंवा ‘माझ्या घराची किंमत उतरेल’ ही कारणं धरत नाहीत. सूर्यप्रकाश, वाहतूक, पूर, जुन्या इमारतींचा वारसा, गोंगाट ही धरतात. हे आधीच छापून दिलेलं असतं, त्यामुळे लोक मुद्द्याला धरून लिहायला शिकतात. मोठा अर्ज नियोजन समितीपुढे गेला तर सभेत नागरिकालाही काही मिनिटं बोलता येतं, नगरसेवक समोर बसून हात वर करून मत देतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक कौन्सिलला ‘आम्ही लोकांना कधी, कसं, कोणत्या टप्प्यावर विचारणार’ याचं निवेदन आधीच लिहून प्रसिद्ध करावं लागतं. २००४ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. पुढे २०११ च्या कायद्याने परिसर आराखडा करण्याचा हक्क थेट गावाला मिळाला. पॅरिश कौन्सिलने (आपल्या ग्रामपंचायतीसारखी), किंवा ती नसेल तिथे किमान २१ जणांच्या मंचाने, आपल्या परिसराचा आराखडा स्वतः तयार करायचा. स्वतंत्र परीक्षक तो तपासतो, मग गावात मतदान होतं. पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त बाजूने असली की तो आराखडा कायदेशीर ठरतो आणि पुढच्या बांधकाम परवानग्या त्याच्या आधारे तपासल्या जातात. असा आराखडा असलेल्या पॅरिशला नव्या बांधकामांवर पायाभूत सोयींसाठी घेतल्या जाणाऱ्या आकारणीतला २५ टक्के वाटा मिळतो, नसेल तर १५.

उणीवही सांगतो. हे आराखडे मुख्यतः सुखवस्तू, शिकलेल्या, निवृत्तांच्या गावांत झाले. गरीब शहरी वस्त्यांत फार कमी, कारण वर्षानुवर्षं बैठकांना बसायला वेळ कुणाकडे आहे? नवी घरं आपल्याकडे नकोत एवढ्यासाठीच हे साधन वापरणारेही आहेत. घर शोधणारी तरुण मुलं त्या सभेला नसतात.

ग्रामसेवक_गडचिरोली:
खेड्यांत वेगळं चित्र आहे. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती गणपूर्ती लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या सभा. त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना येऊ लागल्यापासून ‘आमचं गाव आमचा विकास’ या नावाने गावाचा आराखडा करायचा असतो. काही ठिकाणी खरंच शिवारफेरी होते, मुलांची, महिलांची बैठक होते. काही ठिकाणी मागच्या वर्षीच्या कागदावर साल बदलतात. मी दोन्ही प्रकार जवळून पाहिलेत आणि फरक एकाच गोष्टीने पडतो. सभेआधी आठवडाभर गावात चर्चा झाली की नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना माहीत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. तिथे निर्णय बहुमताने करत नाहीत, सर्वसहमतीने करतात. सहमती झाली नाही तर विषय पुढच्या सभेला. आणि सभेच्या आधी अभ्यासगट बसतो, त्यात निर्णय करायचाच नसतो, फक्त समजून घ्यायचं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे ही कित्येक वर्षांची बैठक होती. शहराला सर्वसहमती जमणार नाही, मान्य. पण अभ्यासगट प्रत्येक प्रभागात जमेल. त्याला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहायला नको.

पेठेतला:
शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, त्याच्याही खाली, मतदान केंद्रांच्या पातळीवर नागरिकांची सभा व्हावी म्हणून. पण ती भरते कुठे? माझ्या भागात मी एकही पाहिलेली नाही. त्यात २०२२ पासून कित्येक महापालिका-नगरपरिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते. त्या काळात आराखड्याचे, रस्त्यांचे, नदीकाठाचे मोठे निर्णय लोकप्रतिनिधीच नसताना झाले. निवडून आलेला माणूस नसताना सुनावणी घेऊन काढलेला निर्णय कायद्याने टिकेल, पण गावाला तो आपला वाटेल का? मला हे फार लागतं.

बार्देशकर:
गोव्यातून लिहितोय. आमचा प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी रस्त्यावर उतरून मागे घ्यायला लावला. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला, गोवा बचाव अभियान उभं राहिलं, पणजीच्या आझाद मैदानावर सभा झाली आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो रद्द केला. मग प्रादेशिक आराखडा २०२१ साठी कृती गट नेमला, त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. त्यांनी केलेली गोष्ट मला आजही आदर्श वाटते. मसुद्याचे नकाशे पंचायतींकडे पाठवले, आणि गावागावांत लोकांनी आपली शेतं, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), झरी, डोंगरउतार त्यावर दाखवून दुरुस्त्या कळवल्या. माझ्या काकाने आमच्या वाड्यावरचं तळं त्यात घालून घेतलं होतं, सरकारी नकाशात ते नव्हतंच.

पण पुढचं ऐका. २०१२ मध्ये तो आराखडा थांबवला गेला. नंतर नगर नियोजन कायद्यात दुरुस्त्या करून एकेका भूखंडाचा विभाग बदलायची वाट उघडली. २०२३ च्या १७(२) कलमाखाली ‘नकाशातली चूक दुरुस्ती’ म्हणून शेतजमिनी वस्ती विभागात गेल्या. त्यासाठी केलेले नियम मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द ठरवले. सांगायचं कारण असं की अख्ख्या गावाने बसून केलेला नकाशा एका मालकाच्या अर्जावर, गावाला न विचारता बदलू शकतो. म्हणून आराखडा मंजूर झाला म्हणजे झालं असं समजू नका.

आवकजावक:
बार्देशकरांचा मुद्दा महाराष्ट्राला तंतोतंत लागू आहे. आमच्याकडे कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात फेरबदल होतात. त्यालाही जाहीर नोटीस आणि हरकतींसाठी एक महिना असतो, पण ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते आणि त्यावर एकही हरकत येत नाही. प्रारूपावर हजार अर्ज करणारं गाव फेरबदलाच्या वेळी झोपलेलं असतं. मी स्वतः अशा फायली पाहिल्यात ज्यांत ‘हरकत निरंक’ असा शेरा आहे आणि विषय मैदानाचा होता.

मुंबईचंही कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. २०३४ चा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, ६० दिवसांची मुदत होती, ६५ हजारांच्या आसपास हरकती आल्या. असलेल्या इमारतींवरून रस्ते, वारसा इमारतींच्या चुकीच्या नोंदी, कोळीवाडे-गावठाणांचा प्रश्न, आरे. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करून दुरुस्त करायला सांगितलं. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, अंमल सप्टेंबर २०१८ पासून. चुका झाल्या त्या मुख्यतः पायाच्या नोंदींत, म्हणजे आज कुठे काय आहे त्याच्या नकाशात. त्या वेळीच वॉर्डात जाऊन नकाशे तपासून घेतले असते तर शहराची कित्येक वर्षं वाचली असती.

बिगरशेती:
कृष्णाकाठ, तुमच्या ओढ्याकाठच्या पट्ट्याबद्दल. तिथले जमीनमालकही माझ्यासारखेच असतील. हरित पट्ट्यात ठेवा म्हणता तेव्हा त्यांना काय मिळणार तेही अर्जात लिहा. नाहीतर तेच तुमच्या विरोधात उभे राहतील आणि मी त्यांना दोष देणार नाही.

कृष्णाकाठ:
बिगरशेती, हे लिहून घेतलं. त्यांच्यापैकी तिघांना काल भेटलो. दोघांचं म्हणणं असं की पुरात घर बुडणार हे त्यांनाही माहीत आहे, पण जमिनीला भाव येईल म्हणून गप्प होते. टीडीआरची मागणी हरकतीत एकत्र घालायला ते तयार आहेत. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशाही मागवलाय. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमच्या प्रारूपावर या रेषा दाखवलेल्याच नाहीत.

रानजाई:
गावठाणातल्या १२ मीटर रस्त्याचं काय? त्यावर कुणीच काही लिहिलं नाही.

पेठेतला:
त्यात पेठांचा अनुभव सांगतो. रुंदीकरणाची रेषा पडली की त्या रेषेतल्या घराला दुरुस्तीचीही परवानगी अवघड होते. रस्ता होत नाही आणि वाडाही पडायला येतो. आधी वाहतुकीची मोजणी मागा. बोळातून दिवसाला किती चारचाकी जातात? अग्निशमनाच्या बंबाला लागणारी रुंदी वेगळी आणि वाहतुकीसाठीची वेगळी. एकेरी वाहतूक, कडेचं पार्किंग हटवणं, हे पर्याय लिहून द्या.

कृष्णाकाठ:
सुनावणी झाली. सगळ्यांनी मदत केलीत म्हणून सविस्तर कळवतो.

रानजाई ताईंनी सांगितल्याप्रमाणे ताडपत्रीवर नकाशा अंथरला होता. बाजारातल्या बायांनी जागा दाखवल्या, वाचनालयात १९५८ चा बाजार-लिलावाचा ठराव सापडला. सुनावणीला मडकी विकणाऱ्या आणि भाजीवाल्या अशा चौघी स्वतः आल्या. समितीतल्या एका तज्ज्ञ सदस्यांनी नकाशा त्यांच्यासमोर ठेवला, आणि एकीने बोट ठेवून सांगितलं, ‘ही जागा रिकामी नाही साहेब, मंगळवारी इथे या.’ सदस्य पुढच्या मंगळवारी खरंच बाजारात येऊन गेले. संकुलाऐवजी ‘आठवडी बाजार, छत, पाणी, महिलांचं स्वच्छतागृह’ असं आरक्षण करण्याची सूचना नोंदवली गेली आहे. वाहनतळासाठी आम्ही जुन्या जकात नाक्याची नगरपरिषदेची जागा सुचवली.

ओढ्याच्या बाबतीत मालकांची आणि आमची संयुक्त हरकत होती. तिच्यावर समितीने पूररेषा मागवून घेतो असं सांगितलं, निर्णय सांगितला नाही. रस्त्याबाबत फक्त ‘ऐकून घेतलं’. तिथले लोक निराश आहेत. भाडेकरूंपैकी एकही जण आला नव्हता, कामाचा दिवस होता आणि रोज बुडाला असता. सुनावणी सुट्टीच्या दिवशी, प्रभागातल्या शाळेत घ्यावी अशी लेखी मागणी आम्ही सगळ्यांनी मिळून दिली आहे.

आता पुढे काय करायचं? समितीचा अहवाल आम्हाला दिसेल का?

आवकजावक:
फार चांगलं काम केलंत. अहवाल नगरपरिषदेला सादर झाला की माहिती अधिकारात प्रत मागा. लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची वस्तुस्थिती आपणहून प्रसिद्ध करणं माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ खाली प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, ते अर्जात लिहा. प्रत्येक हरकतीपुढे शिफारस आणि कारण असतं का ते पाहा. कारण नसेल तर लगेच लेखी विचारा. त्यानंतर सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर लक्ष ठेवा, त्या सभेत शिफारशी बदलू शकतात. आराखडा शासनाकडे गेल्यावर संचालक, नगररचना यांच्याकडे तुमच्या हरकतीची आणि पोचीची प्रत पाठवा. शासनाने मोठे बदल सुचवले तर तेवढ्या भागासाठी पुन्हा नोटीस निघते आणि एक महिना मिळतो. ती नोटीस राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येईल. रोज कोण कुठलं पान पाहणार, हे तुमच्या अभ्यासगटात आत्ताच ठरवून टाका, आणि बाजारातल्या चौघींपैकी एकीचा फोन नंबर त्या यादीत असू द्या.